चेहरा नको, आकडा बघा

गेल्या अंकात झोपेत श्वास घ्यायचं विसरणाऱ्या बाळांवर मी जेमतेम अर्धं पान लिहिलं आणि त्यावर एवढी पत्रं, मेल, व्हॉट्सॲप आले की संपादक म्हणाले मॅडम, या वेळी बाकी सगळं बाजूला ठेवा, सर्दी-खोकला पुढच्या महिन्यात बघू. ज्यांचा तो अंक चुकला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आजाराचं नाव कन्जेनायटल सेंट्रल हायपोव्हेंटिलेशन सिंड्रोम, आम्ही सगळे सीसीएचएस म्हणतो. फुप्फुसं ठणठणीत, छाती ठणठणीत, पण रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की "घे रे श्वास" म्हणून सांगणारं मेंदूच्या देठातलं जे खातं असतं ना, तेच जन्मापासून नीट बसलेलं नसतं. जागेपणी बहुतेकांचं भागतं, झोप लागली की श्वास उथळ होत जातो, काहींचा थांबतोच. बाळांमधला हा आजार १९७० साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा नोंदवला आणि २००३ मध्ये फ्रान्सच्या संशोधकांनी त्याचा जीन शोधला, फॉक्स-टू-बी. किती दुर्मीळ? फ्रान्समधला अंदाज दोन लाख जन्मांमागे एक असा आहे. भारतात वर्षाला दोन कोटींच्या वर बाळं जन्माला येतात, भागाकार तुम्हीच करा.

पत्रं लांबलचक होती म्हणून छाटलीत, नावं काढलीत.

प्रश्न : माझी मुलगी सात महिन्यांची आहे, जन्मल्यावर चाळीस दिवस काचेत होती, तिथे नाकाला ऑक्सिजन लावून ठेवायचे आणि सॅच्युरेशन ९८ म्हणून सगळे खूष, मग दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासलं तर म्हणाले सीओटू खूप वाढलाय आणि सीसीएचएस निघालं. आता गळ्यात नळी आहे आणि झोपली की व्हेंटिलेटर. पण मॅडम खरं सांगू का, मशीन काढून दहा मिनिटं बघितलं तर ती अगदी शांत झोपते, धाप नाही, निळी नाही, रडत नाही. घरातले म्हणतात उगाच पोरीला जखडून ठेवलंय. मशीन लावायलाच हवं का? (एक आई, सांगली)

ताई, आधी एक काम करा, ती दहा मिनिटं पुन्हा कधीही बघू नका. रागावत नाहीये. प्रत्येक घरात हे एकदा तरी होतं, मला माहितीये.

आता तुम्ही स्वतः श्वास रोखून बसा. अर्धा मिनिट, पाऊण मिनिट, मग छातीत कालवाकालव सुरू होते, जीव कासावीस होतो, शेवटी तोंड उघडतंच. ही जी कासाविशी असते ती मुख्यतः सीओटू वाढल्यामुळे येते, आणि तुमच्या मुलीकडे नेमकी तीच नाहीये. तिचा सीओटू दुप्पट झाला तरी तिच्या मेंदूला काही कळत नाही, त्यामुळे धाप लागत नाही, नाकपुड्या फुलत नाहीत, बरगड्या आत ओढल्या जात नाहीत, ती दचकून उठत नाही. न्यूमोनियाच्या बाळाकडे बघून आपण घाबरतो कारण ते धडपडत असतं. हे बाळ धडपडतच नाही. तुम्हाला जी शांत झोप दिसते ना, तोच आजार आहे.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. वॉर्डात असंच एक बाळ, आजी शेजारी पदरानं वारा घालत बसलेली, मला बघून तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "हळू गं बाई, आत्ताच गाढ झोपलंय." मी मॉनिटरकडे बघितलं तर सॅच्युरेशन ७० च्या घरात. छातीवर हात ठेवला, मोजत राहिले, छाती हलतच नव्हती म्हणा ना. तळपायाला टिचकी मारली तर बाळानं डोळे उघडले, दोन श्वास घेतले, माझ्याकडे बघून हसलं. आजीच्या चेहऱ्यावर राग, माझ्या पाठीला घाम. या आजारात गाढ झोपच सगळ्यात वाईट असते, हे मला पुस्तकातून माहीत होतं. स्वप्नांच्या झोपेत श्वास जरा बरा असतो आणि ती उतरून गाढ लागली की बिघडतो. पण त्या दिवशी ते डोक्यात बसलं ते कायमचं.

आता ९८ चं कोडं. नुसता ऑक्सिजन दिला की सॅच्युरेशन सुधारतं आणि सगळे निर्धास्त होतात, पण श्वासच पुरेसा होत नसेल तर सीओटू बाहेर जाणार कुठून? तो आत साठत राहतो. नॉर्मल ३५ ते ४५, या मुलांचा झोपेत ८०-९० पर्यंत गेलेला मी बघितलाय आणि वर ऑक्सिजनमुळे गाल गुलाबी. हे वर्षानुवर्षं चाललं की फुप्फुसातलं प्रेशर वाढतं, हृदयाची उजवी बाजू थकते, मेंदूच्या वाढीवर आणि अभ्यासावर परिणाम होतो. म्हणून ऑक्सिजन हा इलाज नाही, इलाज आहे श्वास, आणि तो झोपेत मशीनच देणार. प्रत्येक झोपेला, दुपारच्या डुलकीलासुद्धा. झोपेत सॅच्युरेशन ९५ च्या वर आणि सीओटू ३५ ते ४० च्या आसपास ठेवायचा. घरातल्यांना सांगा, चेहरा बघून ठरवायचं नाही, आकडा बघायचा. चेहरा या आजारात खोटं बोलतो.

प्रश्न : पुतण्याला हाच आजार आहे असं डॉक्टर म्हणतात. मला स्वतःला घोरण्यामुळे स्लीप ॲप्निया आहे, माझ्याकडे चांगलं सीपॅप मशीन आहे, मी नवीन घेतो आणि हे त्याला देतो. चालेल ना? खर्च वाचेल. (एक काका, नाशिक)

काका, मन मोठं आहे तुमचं, पण नाही चालणार.

तुमच्या झोपेत घसा मिटतो. श्वास घ्यायची ऑर्डर मेंदूकडून येते, छाती ओढते, पण दार बंद. सीपॅप हवेच्या दाबानं ते दार उघडं ठेवतं, बाकी श्वास तुमचा तुम्ही घेता. पुतण्याचं दार उघडंच आहे, ऑर्डर येत नाहीये. उघड्या दारात पंखा लावून काय होणार? त्याला असं मशीन हवं जे स्वतःहून मिनिटाला ठरलेले श्वास देईल, त्यानं सुरुवात करायची वाट बघत बसणार नाही. लहान बाळांमध्ये बहुतेक ठिकाणी गळ्याला छिद्र म्हणजे ट्रॅकिओस्टॉमी करून पोर्टेबल व्हेंटिलेटर देतात, मोठी मुलं आणि मोठी माणसं मास्कवरच्या बायपॅपवर (श्वास घेताना जास्त, सोडताना कमी दाब देणारं मशीन) जाऊ शकतात, पण बायपॅप घेतानाही त्यात बॅकअप रेट आहे का, म्हणजे माणसानं श्वास घेतला नाही तरी ते स्वतःहून ठरलेले श्वास देतं का, हे विचारायचं. दुकानदार "सगळी सारखीच असतात साहेब" म्हणेल. सारखी नसतात.

मास्कबद्दल आणखी एक, अगदी तान्हेपणापासून रोज दहा-बारा तास मास्क दाबून बसला तर चेहऱ्याचा मधला भाग आत दबलेला वाढतो, म्हणून लहान बाळाला घाईघाईनं मास्क नको म्हणतात. नळीला नाक मुरडणाऱ्या नातेवाईकांना हे सांगा.

प्रश्न : मुलाची होल एक्झोम टेस्ट, म्हणजे सगळे जीन एकदम वाचतात ती, केली, पन्नास पानांचा रिपोर्ट आला, सगळं नॉर्मल. म्हणजे सीसीएचएस नाही असं समजायचं का? आणि आम्हाला दुसरं मूल हवंय. (एक वडील, ठाणे)

नाही, तसं समजू नका, आणि हा प्रश्न विचारल्याबद्दल तुमचे आभार कारण या गोंधळात मी दोन कुटुंबांची वर्षं वाया गेलेली बघितलीयेत.

फॉक्स-टू-बी जीन जे प्रोटीन बनवतो त्यात एका ठिकाणी ॲलनिन नावाचं अमिनो ॲसिड लागोपाठ २० वेळा येतं. माळेत एकसारखे २० मणी ओवलेत असं समजा. दर दहातल्या नऊ रुग्णांमध्ये एका माळेत मणी जास्त झालेले असतात, कमीत कमी २४, जास्तीत जास्त ३३. आपल्याला दोन माळा मिळतात, एक आईची एक बापाची, म्हणून रिपोर्टवर २०/२५, २०/२६, २०/२७ असं लिहून येतं, हेच तीन सगळ्यात जास्त दिसतात. आता एक्झोममध्ये डीएनएचे बारीक तुकडे करून वाचतात, आणि एकसारख्या मण्यांची लांब माळ असली की ते वाचन अडखळतं, मोजणीत चुकतं, कधीकधी तो भाग नीट वाचलाच जात नाही. त्यामुळे पन्नास पानं नॉर्मल येऊनही माळ लांब असू शकते. तुम्हाला हवी ती फॉक्स-टू-बीची फ्रॅगमेंट ॲनालिसिस, त्यात माळेची लांबीच मोजतात, स्वस्त आणि साधी टेस्ट आहे. ती नॉर्मल आली आणि संशय तरी राहिला तर मग त्या जीनचं पूर्ण सीक्वेन्सिंग, कारण उरलेल्या दहातल्या एकात मणी बरोबर असतात पण बिघाड दुसरीकडे असतो. त्या गटाला एनपार्म म्हणतात, आणि त्यांचा आजार सहसा जास्त जड असतो.

दुसऱ्या मुलाबद्दल. बहुतेक वेळा बिघाड त्या बाळातच नव्यानं झालेला असतो, आईबापात नसतो. पण काही आईबाप असे असतात की त्यांच्या काही पेशींमध्ये बिघाड आहे आणि काहींमध्ये नाही, स्वतः ठणठणीत, पण बीजात तो जाऊ शकतो. म्हणून आधी मुलाचा बिघाड नक्की कळला पाहिजे, मग तुम्हा दोघांची तपासणी, आणि पुढच्या गरोदरपणात अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेच्या तुकड्यावरून किंवा नंतर गर्भजलावरून तपासता येतं. जेनेटिक कौन्सेलरकडे जा. दोघांनी जा, बायकोला एकटीला पाठवू नका, हे मी प्रत्येक पत्राला लिहिते आणि दर वेळी बायकोच एकटी येते.

प्रश्न : माझा मुलगा पाच वर्षांचा, रिपोर्ट २०/२७, रात्री व्हेंटिलेटर. श्वासाचं आता अंगवळणी पडलंय पण बाकीचंच जास्त छळतं. जन्मतःच शी होत नव्हती म्हणून आतड्याचं ऑपरेशन झालंय, तरी अजून बद्धकोष्ठ. हातपाय गार, डोकं मात्र मधूनच घामानं थबथबतं. उन्हात डोळे बारीक करतो. गेल्या पावसाळ्यात न्यूमोनिया झाला तर ताप ९९ च्या वर गेलाच नाही, आम्हाला वाटलं साधी सर्दी. पडला तर रडत नाही. आणि मागच्या महिन्यात जागा असताना खेळता खेळता पांढराफटक पडला, चार-पाच सेकंद, मग पुन्हा खेळायला लागला. हे सगळं वेगवेगळं की एकच? (एक आई, कोल्हापूर)

एकच. आणि शेवटचं जे लिहिलंय ना, पांढराफटक पडला ते, त्यासाठी हे वाचून झालं की लगेच फोन करून या आठवड्यात मुलांच्या हृदयाच्या डॉक्टरांची वेळ घ्या. बाकीचं त्यानंतर वाचा.

घेतली? बरं. आता ऐका.

आपल्या शरीरात कितीतरी कामं न सांगता होत असतात. हृदयाचे ठोके, आतड्याची हालचाल, घाम, बाहुल्या लहानमोठ्या होणं, ताप येणं, उभं राहिलं की बीपी सावरणं. हे सगळं सांभाळणाऱ्या मज्जासंस्थेला ऑटोनॉमिक म्हणतात. गर्भात ही संस्था उभी राहत असताना फॉक्स-टू-बी तिथला मुकादम असतो. मुकादमच कच्चा असेल तर नुसती श्वासाची भिंत वाकडी होईल का? सगळ्याच भिंतींत थोडाथोडा पोचा राहतो. म्हणून सीसीएचएसला श्वासाचा आजार म्हणणं अर्धवट आहे, हा ऑटोनॉमिकचा आजार आहे आणि त्यातला श्वास तेवढा सगळ्यांना आधी दिसतो.

आतड्यातल्या मज्जापेशी पोचल्याच नाहीत की हर्शस्प्रंग होतो, आतड्याचा शेवटचा भाग हलत नाही, जन्मल्यावर शी होत नाही. तुमच्या मुलाचं हेच झालं. मणी जितके जास्त तितकी याची शक्यता जास्त, आणि एनपार्मच्या मुलांपैकी तर बहुतेकांना असतं. ऑपरेशननंतरही उरलेलं आतडं जरा मंदच असतं, म्हणून बद्धकोष्ठासाठी औषध रोजचं, स्वतःहून बंद करायचं नाही. डोळ्यांच्या बाहुल्या प्रकाशाला नीट आकसत नाहीत, म्हणून ऊन टोचतं, टोपी आणि गॉगल द्या, वर्षातून एकदा डोळे दाखवा, तिरळेपणाही या मुलांत दिसतो. घाम मधूनच येणं, हातपाय गार, अंग नेहमी जरा थंड, हे त्याचंच.

ताप मात्र वेगळा विषय आहे. आपण आया तापावर विसंबून असतो, हाताची उलटी बाजू कपाळाला लावली की निम्मं निदान. या मुलांचं अंग संसर्गातही तापत नाही किंवा थोडंच तापतं. त्यामुळे ९९ म्हणजे साधी सर्दी हा हिशोब तुमच्या घरात बाद. जेवण कमी झालं, मशीनवर नेहमीपेक्षा सॅच्युरेशन खाली राहिलं, सक्शनला, म्हणजे मशीननं नळीतला कफ ओढताना, तो जास्त आणि घट्ट यायला लागला, जागेपणीही सीओटू चढला, की डॉक्टर. आजारपणात ही मुलं जागेपणीसुद्धा स्वतःचा श्वास भागवू शकत नाहीत, तेव्हा दिवसाही मशीन लागू शकतं. रडत नाही म्हणून लागलं नाही असंही नाही, दुखणं आणि भीती दोन्ही यांना कमी जाणवतात. पडला की कपडे काढून अंग तपासा, तोंडाकडे बघू नका. परत तेच आलं बघा.

आता हृदय. आपला ठोका श्वासाबरोबर, हालचालीबरोबर सतत कमीजास्त होत असतो, या मुलांचा तो लवचिकपणा कमी असतो आणि काहींमध्ये ठोका मधेच काही सेकंद थांबतो. तीन सेकंद किंवा जास्त थांबला तर पेसमेकरचा विचार करतात. २०/२७ मध्ये हे जास्त दिसतं म्हणून मी तुम्हाला आधी फोन करायला लावला. साधा ईसीजी दहा सेकंदांचा असतो, त्यात हा थांबा सापडेल ही आशाच सोडा. होल्टर, म्हणजे अंगावर बांधून ठोके सतत नोंदवणारं छोटं मशीन, लावायचा, तोही ७२ तासांचा, आणि दरवर्षी. २४ तासांचा लावून "नॉर्मल आहे" म्हणाले तर नम्रपणे सांगा की मॅडमनी ७२ लिहिलंय. मुलाला सांगा छातीवर टीव्हीचा रिमोट बांधलाय, पाच वर्षांची मुलं खूष असतात.

ज्यांच्या रिपोर्टवर एनपार्म किंवा मणी २८ किंवा त्याहून जास्त लिहिलंय त्यांना आणखी एक काम असतं, त्यांच्यात मज्जापेशींच्या गाठी, न्यूरोब्लास्टोमासारख्या, होऊ शकतात म्हणून लहानपणी ठरावीक महिन्यांनी पोटाची आणि छातीची तपासणी करतात. २०/२७ ला ती भीती नाही, उगाच रात्र जागवू नका.

प्रश्न : आमच्या भागात लाईट रोज जाते. पोरगी दीड वर्षाची, व्हेंटिलेटरवर झोपते. बायको रात्रभर जागी. काय करावं? (एक शेतकरी, बीड जिल्हा)

दादा, तीन थर करा. मशीनची आतली बॅटरी किती तास चालते ते कागदावर लिहिलेलं मानू नका, एकदा दिवसा मुलगी जागी असताना प्लग काढून घड्याळ लावून बघा, जुन्या बॅटरीचे चार तास कधी दीड होतात कळत नाही. दुसरा थर इन्व्हर्टर, आणि त्यावर फक्त व्हेंटिलेटर, सक्शन, ऑक्सिमीटर आणि एक बल्ब. टीव्ही त्यावर लागलेला मला दिसला तर मी बीडला येईन. तिसरा थर ॲम्ब्यू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, खाटेच्या डोक्याशी खिळ्याला टांगलेली, कपाटात नाही. दर दोन-तीन सेकंदांनी एकदा हलकं दाबायचं, छाती वर आली की पुरे. ही बॅग घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला दाबता यायलाच हवी, आजोबांनाही. एक जादाची नळी, एक मापानं लहान नळी आणि बदलायचं सामान एकाच डब्यात, प्रवासात तो डबा बरोबर.

अलार्म वाजला की आधी मुलीकडे, मग मशीनकडे, ही सवय लावा. बहुतेक वेळा नळी निसटलेली असते किंवा पाईपमध्ये वाफेचं पाणी साचलेलं असतं, खळखळ आवाज येतो, पाईप मुलीपासून दूर, खाली धरून पाणी काढून टाकायचं. थंडीत हे पाणी जास्त साचतं.

आणि बायकोची झोप. रात्र दोघांत वाटून घ्या, दोनपर्यंत एक, दोननंतर दुसरा. शेताचं काम आहे हे कळतं मला. पण न झोपलेल्या माणसाला अलार्म ऐकू येत नाही, हे मी नर्सबायांच्या बाबतीतही बघितलंय.

प्रश्न : मी २४ वर्षांचा, पुण्यात आयटीमध्ये. गेल्या वर्षी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि भूल उतरल्यावर श्वासच घेईना म्हणून आठ दिवस आयसीयू, शेवटी टेस्टमध्ये २०/२५. रात्री बायपॅप. आता वीकेंडला बिअर चालेल का, नाईट शिफ्ट, पोहणं, ट्रेक, रात्रीची स्लीपर बस, आणि पुढे लग्न? (एक वाचक)

तुझं पत्र वाचून बरं वाटलं, सगळं एका दमात विचारलंस. तुला अरे-तुरे करते, माझ्या मुलाच्या वयाचा आहेस.

२०/२५ मध्ये आणि त्याहून सौम्य २०/२४ मध्ये बरीच माणसं अशी असतात की लहानपणी काही कळत नाही आणि भूल, झोपेची गोळी, न्यूमोनिया असं काही झालं की एकदम उघडकीला येतं. तुझ्या आईला विचार, लहानपणी निळा पडायचास का, सकाळी डोकं दुखायचं का, वर्गात पेंगायचास का. आई आठवून सांगेल.

बिअर नाही. एकही नाही. दारूनं श्वासाची उरलीसुरली ऑर्डरही बंद होते आणि पार्टीनंतर मशीन न लावता झोपलेल्या तरुण रुग्णांचे मृत्यू झालेत. झोपेच्या गोळ्या, चिंतेच्या गोळ्या, खोकल्याची कोडीनवाली औषधं स्वतःहून नाही, आणि भूल द्यायच्या आधी, दाताच्या डॉक्टरांपासून सगळ्यांना आजाराचं नाव लिहून द्यायचं. पाकिटात कार्ड ठेव.

पोहायला जा, पण डोकं वर ठेवून आणि ज्याला तुझा आजार माहीत आहे अशा माणसाबरोबर, पाण्याखाली किती वेळ राहतो ही पैज तुझ्यासाठी नाही, कारण आपल्याला जे वर खेचतं ते गुदमरणं तुझ्याकडे नाहीये, तू शांतपणे बेशुद्ध होशील. ट्रेकलाही तसंच. राजगड चढताना बाकीचे हाशहुश करत बसतील आणि तू म्हणशील मला काहीच होत नाहीये. खिशात ऑक्सिमीटर ठेव, दर पंधरा-वीस मिनिटांनी बोटाला लाव, ९५ च्या खाली गेला की बस. स्लीपर बसमध्ये बॅटरी चार्ज करून बायपॅप लावूनच आडवं व्हायचं, नाहीतर दिवसाची गाडी धर. बसच्या खिडकीला डोकं टेकवून लागलेली डुलकीही झोपच असते. नाईट शिफ्टला माझी हरकत एवढीच की दिवसा झोपताना मशीन लावायचा कंटाळा येतो. तुला येणार नसेल तर कर.

लग्न कर की. समोरच्या मुलीला आधी सांग, साखरपुड्यानंतर नाही. मूल होताना प्रत्येक वेळी हा बिघाड त्याच्यात जायची निम्मी-निम्मी शक्यता, वरती ठाण्याच्या वडिलांना लिहिलंय ते वाच. होल्टर तुलाही दरवर्षी, २०/२५ मध्ये लहानपणी हृदयाचा थांबा सहसा दिसत नाही पण मोठेपणी दिसलेला आहे.

श्वासाच्या पडद्याला करंट देणारा पेसर असतो का असंही तू शेवटी विचारलंयस. असतो, छातीत इलेक्ट्रोड आणि त्वचेखाली रिसीव्हर बसवतात, बाहेरून ट्रान्समीटर, ज्यांना दिवसाही व्हेंटिलेटर लागतो त्यांना मोकळं फिरता यावं म्हणून त्याचा खरा उपयोग. खर्च अफाट. तुला तो लागत नाही.

प्रश्न : यावर गोळी आहे का? (बरेच जण)

नाही. श्वास वाढवणारी म्हणून ओळखली जाणारी औषधं देऊन झाली आहेत, भरवसा ठेवावा असं काही मिळालं नाही. २०१० मध्ये फ्रान्समध्ये दोन रुग्ण स्त्रियांना डेसोजेस्ट्रेल ही गर्भनिरोधक गोळी चालू असताना सीओटूची जाणीव थोडी परत आली असं दिसलं होतं, मजेशीर गोष्ट आहे, पण सगळ्यांत तसं होत नाही आणि त्या भरवशावर मशीन सोडायचं नसतं.

प्रश्न : इंग्रजीत याला कुणाचातरी शाप म्हणतात असं नातवानं वाचून दाखवलं. आमच्या घराण्यात एका बाईचे तळतळाट आहेत असं सासूबाई म्हणायच्या. नातीला म्हणून तर नाही ना झालं? (एक आजी, सातारा)

आजी, नाही हो. ऑन्डाइन्स कर्स, म्हणजे ऑन्डाइनचा शाप, हे नाव ऑन्डाइन नावाच्या जलपरीवरून पडलं, युरोपातली गोष्ट, नवऱ्यानं दगा दिला म्हणून त्याला शाप, की जागा असशील तोवरच श्वास चालेल. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या दोन डॉक्टरांनी मेंदूच्या देठाजवळ आणि मानेत ऑपरेशन झालेल्या तीन मोठ्या माणसांसाठी ते नाव वापरलं, "श्वास घ्या" म्हटलं की घ्यायचे, झोपले की बंद. मग ते नाव या बाळांना चिकटलं आणि बसलंच. मला ते नाव आवडत नाही, मी ते वॉर्डात कुणाला म्हणू देत नाही, नेमकं तुमच्यासारख्या आजीला झोप लागू नये असं ते नाव आहे. पाच-सात जादा मणी, बस. सुनेला कुणी काही बोललं तर हे पान दाखवा. आणि ॲम्ब्यू बॅग दाबायला शिका, दहा मिनिटं लागतात.

प्रश्न : पहिलीच्या वर्गात असा मुलगा आलाय, गळ्यात नळी आहे. आम्ही काय लक्ष ठेवायचं? (जिल्हा परिषद शाळेतली शिक्षिका)

बाई, तुम्ही विचारलंत म्हणजे निम्मं काम झालं. वर्गात पेंगला तर झोपू द्यायचं नाही, उठवायचं, तोंड धुवायला लावायचं, घरी फोन. जेवणानंतरचा तास आणि सहलीची बस, या दोन वेळा बघा. पळू दे, खेळू दे, दमला दिसणार नाही म्हणून तुम्हीच मधे मधे बसवा. श्वास रोखायच्या पैजा आणि मैदानातली वाळू, दोन्हींपासून लांब. नळीवरच्या फिल्टरला कुणी हात लावणार नाही हे वर्गाला एकदा सगळं समजावून सांगा, लपवू नका, मुलं दोन दिवसांत विसरतात आणि त्याच्याबरोबर लगोरी खेळतात.

प्रश्न : रात्री ऑक्सिमीटरचा प्रोब तो पायानं काढून टाकतो आणि अलार्म वाजतच राहतो, शेवटी आम्ही आवाज बंद करून झोपतो. (एक आई, रत्नागिरी)

आवाज बंद नाही! प्रोब पायाच्या अंगठ्याला लावा, दिवा नखाच्या बाजूला, वरून मऊ पट्टी सैलसर गुंडाळा, त्यावर पायमोजा घाला, आणि वायर पायजम्याच्या आतून कमरेकडे काढण्यापेक्षा पावलाच्या बाजूनं खाली काढा, म्हणजे कूस वळली तरी ओढत नाही. तीन-चार तासांनी बोट बदला, नाहीतर कातडी लाल होते. आणि लग्नसराईत मावशीनं हौसेनं नेलपॉलिश लावली असेल तर त्या बोटावरची आधी पुसून काढा.